फ्रीजमधील लोणचे

फ्रीजमधील लोणचे म्हणजे कमी मीठ व कमी तेल वापरून, घरी थोड्या प्रमाणात तयार केलेले आणि शीतकपाटात ठेवून काही दिवसांत किंवा आठवड्यांत संपवायचे लोणचे होय. ताजे लोणचे, झटपट लोणचे या नावांनीही ते ओळखले जाते. वर्षभर टिकणाऱ्या बरणीतील लोणच्यात मीठ, तेल व आंबटपणा हे तिघे मिळून पदार्थ राखतात. फ्रीजमधील लोणच्यात त्यांतील बराचसा भार थंडाव्यावर टाकलेला असतो. त्यामुळे चव सौम्य राहते, फोडी करकरीत राहतात आणि मीठ कमी पोटात जाते. मात्र टिकाऊपणा कमी होतो.

अलीकडच्या काळात हे लोणचे ‘संप्रेरकस्नेही’ म्हणजे हार्मोन्सना अनुकूल अशा आहाराचा भाग म्हणून सुचविले जाते. पीसीओएस, थायरॉईडचे विकार व रजोनिवृत्तीचा काळ या संदर्भांत हा सल्ला विशेष आढळतो. या सल्ल्यातील काही भागाला आधार आहे, बराच भाग अतिशयोक्त आहे, आणि मिठाच्या निवडीबाबतचा एक भाग अपायकारक ठरू शकतो.

नाव

‘लोणचे’ हा शब्द ‘लवण’ म्हणजे मीठ या शब्दाशी संबंधित आहे. ‘लोण’, ‘अळणी’ हे शब्द त्याच कुळातले. मीठ कमी केलेल्या पदार्थाला लोणचे म्हणावे का, असा प्रश्न त्यामुळे कोणी विचारू शकेल. पण मराठी घरांत लग्नकार्याच्या पंगतीत वाढले जाणारे, त्याच दिवशी कालवलेले कैरीचे लोणचे पूर्वीपासून लोणचेच म्हटले गेले आहे. मेथांबा, तक्कू, कायरस हे पदार्थही साठवणीचे नव्हेत, तरी पानात ते लोणच्याच्याच बाजूला, म्हणजे डावीकडे वाढले जातात. तेव्हा फ्रीज नवा असला तरी ताज्या लोणच्याची कल्पना नवी नाही.

पार्श्वभूमी

कोकणात लोणचे हा पावसाळ्याच्या बेगमीचा भाग होता. रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यातील अलोरे हे गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी, कुंभार्ली घाटाच्या खालच्या अंगाला आहे. कोयना जलविद्युत प्रकल्पाची वसाहत व जवळचे कोळकेवाडी धरण यांमुळे ते परिचित आहे. या पट्ट्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्या काळात भाजी दुर्मीळ होई व हवेतील ओलाव्याने उघड्या पदार्थावर एका रात्रीत बुरा चढे. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत रायवळ आंब्याच्या कैऱ्या उतरवून, पुसून, फोडी करून, भरपूर मीठ लावून चिनीमातीच्या बरणीत भरल्या जात. बरणीच्या तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधून ती कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवली जाई. मिठातल्या अख्ख्या कैऱ्या, खारवलेले फणसाचे गरे, करवंदे, बिंबले, आंबाडे, आवळे व लिंबे ही त्याच साठवणीतील इतर मंडळी.

लोणच्याच्या कृती मराठीत छापील स्वरूपात शंभराहून अधिक वर्षे उपलब्ध आहेत. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० मध्ये आणि कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात घरगुती फ्रीजचे उत्पादन गोदरेजने १९५८ मध्ये सुरू केले. परंतु ग्रामीण कोकणात तो सर्वसाधारण घरात पोचायला त्यानंतर काही दशके जावी लागली. फ्रीज आल्यावर साठवणीच्या लोणच्याची निकड उरली नाही, चव मात्र हवीच होती. त्या जागेवर हे लोणचे आले.

या साठवणीभोवती एक निषेधही होता. मासिक पाळीच्या काळात बाईने लोणच्याच्या बरणीला हात लावला, किंबहुना तिची सावली पडली, तरी लोणचे नासते असा समज महाराष्ट्रासह भारताच्या अनेक भागांत रूढ होता व काही घरांत आजही आहे. त्याला कोणताही आधार नाही. लोणचे नासते ते ओल्या चमच्याने, न वाळलेल्या बरणीने, अपुऱ्या मिठाने किंवा फोडी तेलाच्या वर उघड्या राहिल्याने. व्हिस्पर या सॅनिटरी पॅडच्या उत्पादनाने २०१४ मध्ये ‘टच द पिकल’ ही जाहिरात मोहीम याच समजाविरुद्ध चालविली. तिला २०१५ मध्ये कान येथील जाहिरात महोत्सवात ‘ग्लास लायन’ विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. बाईच्या शरीराने लोणचे बिघडते हा जुना समज आणि लोणच्याने बाईचे शरीर सुधारते हा नवा समज, दोन्ही पडताळून पाहिल्यावाचून पसरले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

प्रकार आणि कृती

फ्रीजमधील लोणच्याचे दोन मुख्य प्रकार पडतात. दोघांची जात मुळातच वेगळी आहे. आरोग्यविषयक लिखाणात ती सर्रास एकच मानली जाते.

पहिला प्रकार आंबट रसातील लोणच्याचा. यात लिंबाचा रस, व्हिनेगर किंवा कैरीसारख्या फळाचा स्वतःचा आंबटपणा पदार्थाला राखतो. आंबवण्याची क्रिया यात जवळजवळ होत नाही, त्यामुळे उपयुक्त जिवाणूही वाढत नाहीत. कोकणात याचे चांगले उदाहरण म्हणजे संक्रांतीच्या आगेमागे बाजारात येणाऱ्या ओल्या हळदीचे लोणचे. पाव किलो ओली हळद (आवडीप्रमाणे तिच्यात थोडी आंबेहळद) व ५० ग्रॅम आले धुऊन, सोलून, पूर्ण कोरडे करून त्यांच्या पातळ चकत्या किंवा कीस करतात. त्यात १०० मिलिलिटर लिंबाचा रस, १० ग्रॅम मीठ व चिरलेल्या दोन-तीन हिरव्या मिरच्या घालून काचेच्या बरणीत भरतात. रस वर येईल इतका असावा. दुसऱ्या दिवसापासून खाता येते व फ्रीजमध्ये दोन ते तीन आठवडे चांगले राहते. हळदीचे डाग बोटांवरून दोन दिवस जात नाहीत, हे करणाऱ्याने गृहीत धरावे.

कैरीचे ताजे लोणचेही याच प्रकारात येते. अर्धा किलो कैरीच्या बारीक फोडींना २० ग्रॅम मीठ, फेसलेली मोहरी, लाल तिखट, तळून कुटलेली थोडी मेथी व हिंग लावून वर दोन मोठे चमचे तेलाची फोडणी देतात. फोडणी पूर्ण निवल्यावरच घालावी. गरम फोडणीने फोडी मऊ पडतात. असे लोणचे फ्रीजमध्ये साधारण पंधरा दिवस टिकते. फेसलेल्या मोहरीचा झणका पहिल्या तीन-चार दिवसांत सर्वांत तीव्र असतो, मग उतरत जातो.

दुसरा प्रकार मिठाच्या पाण्यात आंबवलेल्या लोणच्याचा. गाजर, मुळा, काकडी, कोबी, फरसबी, कोवळी मिरची अशा भाज्या यासाठी वापरतात. चिरलेली भाजी व उकळून गार केलेले पाणी यांचे एकत्र वजन करून त्याच्या अडीच टक्के मीठ घेतात. म्हणजे अर्धा किलो भाजी व अर्धा लिटर पाणी असेल तर २५ ग्रॅम. मीठ पाण्यात विरघळवून ते भाजीवर ओततात आणि भाजी पाण्याखालीच राहावी म्हणून वर लहानशी काचेची वाटी दाबून ठेवतात. भाजीवर मुळातच असणारे लॅक्टिक आम्ल निर्माण करणारे जिवाणू कामाला लागतात. आरंभी ल्यूकोनोस्टॉक व नंतर लॅक्टोबॅसिलस कुळातील जिवाणू साखरेचे आम्ल करतात, बुडबुडे येतात, पाणी गढुळते आणि आंबूस वास सुटतो. थंड प्रदेशांतील पुस्तकांत या क्रियेला एक ते तीन आठवडे सांगितलेले असतात. कोकणच्या उकाड्यात मात्र एप्रिल-मे महिन्यांत दोन दिवस पुष्कळ होतात व थंडीच्या दिवसांत चार. त्यानंतर बरणी फ्रीजमध्ये ठेवावी. थंडीने क्रिया थांबत नाही, पण खूप मंदावते आणि लोणचे महिनाभर चांगले राहते. आंबवण्याच्या दिवसांत रोज एकदा झाकण सैल करून वायू बाहेर जाऊ द्यावा लागतो. न केल्यास झाकण उडण्याचा वा बरणी फुटण्याचा प्रसंग येतो.

पाण्यावर पांढरा पातळ साय येते ती बहुधा निरुपद्रवी यीस्टची असते व काढून टाकता येते. हिरवा, काळा किंवा गुलाबी केसाळ बुरा दिसल्यास केवळ वरचा थर न काढता सगळे लोणचे टाकून द्यावे.

मिठाचे गणित

साठवणीच्या कैरीच्या लोणच्यात फोडींच्या वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतके मीठ घालण्याची पद्धत आहे. एक किलो फोडी, २०० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम मसाला व पाव किलो तेल धरल्यास तयार लोणच्यात मीठ सुमारे १३ टक्के भरते. म्हणजे १५ ग्रॅमच्या एका फोडीबरोबर सुमारे २ ग्रॅम मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. एकट्या फोडीने त्यातला दोन पंचमांश वाटा संपतो.

वर दिलेल्या हळदीच्या लोणच्यात मीठ अडीच टक्क्यांहून किंचित कमी आहे. १५ ग्रॅम लोणच्यामागे ते ०.४ ग्रॅमही होत नाही. फरक मोठा आहे. तथापि लोणचे सौम्य असल्याने ते चमच्याऐवजी वाटीने खाल्ले जाते, आणि ६० ग्रॅमच्या लहान वाटीत पुन्हा जवळजवळ दीड ग्रॅम मीठ येते. कमी मिठाच्या लोणच्याचा लाभ ते लोणच्याइतकेच खाल्ले तर होतो. कोशिंबिरीसारखे खाल्ले तर होत नाही.

मीठ चमच्याने न मोजता वजनाने घ्यावे. सपाट चहाचा चमचा बारीक मीठ सुमारे ५ ते ६ ग्रॅम भरते. खडे मीठ खड्याच्या आकारानुसार त्याहून कमी भरते.

संप्रेरके आणि लोणच्याबाबतचे दावे

‘संप्रेरकस्नेही आहार’ ही वैद्यकशास्त्रातील संज्ञा नव्हे. ती आरोग्यविषयक लोकप्रिय लिखाण व समाजमाध्यमांतून रूढ झाली. तिच्या पोटात साधारणपणे भाज्या, कडधान्ये, तंतुमय पदार्थ व आंबवलेले पदार्थ वाढवणे आणि साखर, मैदा व तळीव पदार्थ कमी करणे असा सल्ला येतो. हा सल्ला बहुतेकांना हितकरच आहे, परंतु त्यात संप्रेरकांसाठी म्हणून वेगळे असे थोडेच आहे. पीसीओएसविषयीच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत कोणताही एक विशिष्ट आहार इतरांपेक्षा सरस असल्याचा पुरावा नाही, असे नमूद केले आहे. पाळता येईल असा समतोल आहार घ्यावा, एवढीच शिफारस आहे.

लोणच्याच्या बाजूने तीन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली, व्हिनेगर व आंबट पदार्थ इन्सुलिनचे काम सुधारतात. पिष्टमय जेवणाबरोबर व्हिनेगर घेतल्यास जेवणानंतरची रक्तशर्करा काहीशी कमी चढते, असे लहान प्रयोगांत दिसले आहे. पण त्यावरून चमचाभर लोणच्याने पीसीओएस आटोक्यात येतो असे म्हणणे ही लांब उडी ठरते. लोणच्यात गूळ वा साखर घातलेली असेल तर तो हिशेब उलटाही होऊ शकतो.

दुसरी, आंबवलेल्या लोणच्यातील जिवाणू आतड्यातील जिवाणूसृष्टी सुधारतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२१ मधील प्रयोगात ३६ निरोगी प्रौढांपैकी काहींना दहा आठवडे भरपूर आंबवलेले पदार्थ देण्यात आले. त्यांच्या आतड्यातील जिवाणूंची विविधता वाढली आणि दाहाशी संबंधित १९ प्रथिनांचे प्रमाण घटले. मात्र ते लोक दही, केफिर, कोंबुचा, किमची वगैरे मिळून दिवसाला सरासरी सहा वेळा असे पदार्थ घेत होते आणि प्रयोगाचा विषय रोगप्रतिकारशक्ती हा होता, संप्रेरके नव्हे. शिवाय हा मुद्दा केवळ मिठाच्या पाण्यात आंबवलेल्या लोणच्याला लागू पडतो. लिंबाच्या रसातल्या हळदीला किंवा व्हिनेगरमधल्या मिरचीला तो लागू नाही.

तिसरी, आतड्यातील काही जिवाणू इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या उत्सर्जनावर परिणाम करतात. या जिवाणूसमूहाला २०११ मध्ये ‘एस्ट्रोबोलोम’ असे नाव देण्यात आले. ही संकल्पना संशोधकांत गंभीरपणे चर्चिली जाते. परंतु लोणचे खाऊन शरीरातील इस्ट्रोजेन इष्ट दिशेने बदलते, असे सिद्ध झालेले नाही.

उरतो तो मिठाचाच मुद्दा, आणि तोच सर्वांत भक्कम आहे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये रक्तदाब वाढण्याची व हाडे ठिसूळ होण्याची शक्यता वाढते. आहारात सोडियम जास्त असल्यास रक्तदाब वाढतोच, शिवाय लघवीवाटे कॅल्शियमही अधिक बाहेर पडते. या वयात बरणीच्या लोणच्याऐवजी कमी मिठाचे ताजे लोणचे घेणे म्हणूनच योग्य ठरते. उच्च रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तेही वैद्यकीय सल्ल्याने घ्यावे. थायरॉईडची किंवा मधुमेहाची औषधे चालू असताना लोणच्याच्या भरवशावर ती बंद करू नयेत.

आयोडीनचा प्रश्न

संप्रेरकांसाठी हितकर म्हणून सुचविल्या जाणाऱ्या अनेक कृतींत साध्या मिठाऐवजी सैंधव किंवा खडे मीठ वापरावे असे सांगितलेले असते. या सल्ल्याचा धोका थायरॉईड ग्रंथीला आहे. थायरॉईडची संप्रेरके आयोडीनपासून बनतात. प्रौढ व्यक्तीला दररोज १५० मायक्रोग्रॅम आणि गर्भवती व स्तनदा मातांना २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. आयोडीनच्या कमतरतेने गलगंड होतो, आणि गरोदरपणात ती तीव्र असल्यास बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. यासाठीच भारतात थेट मानवी सेवनासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावर १७ मे २००६ पासून बंदी आली. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे, असा निकष आहे.

सैंधवात नैसर्गिकरीत्या पुरेसे आयोडीन नसते. समुद्रात आयोडीन असले तरी मिठागरातल्या खडे मिठात ते नगण्यच उरते. समुद्राकाठी पिकलेल्या मिठात आयोडीन असणारच, हा कोकणातील समज चुकीचा आहे. समुद्री मासळीतून ते मिळते. त्यामुळे घाटाच्या पायथ्याच्या शाकाहारी घरात रोजच्या स्वयंपाकालाही सैंधव वापरणे अधिक जोखमीचे ठरते.

लोणच्यात खडे मीठ घालण्याची पद्धत जुनी आहे व तिला कारणही आहे: बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून मिसळलेल्या द्रव्यांनी खार गढूळ दिसतो. गढुळलेल्या खाराने चवीचे वा टिकाऊपणाचे काही बिघडत नाही. तरीही लोणच्यापुरते खडे मीठ वापरायचे असल्यास हरकत नाही. मात्र आमटी-भाजीचे मीठ आयोडीनयुक्त असावे. सैंधवाच्या पाकिटावर आयोडीनयुक्त असा उल्लेख आहे का, तेही पाहावे.

याच संदर्भात बांबूच्या कोंबांचा उल्लेख आवश्यक आहे. कोकणात त्यांना वास्ते म्हणतात आणि पावसाच्या आरंभी ते भाजी व लोणच्यासाठी वापरतात. कच्च्या कोंबांत टॅक्सिफिलिन हे सायनाइड मोकळे करणारे द्रव्य असते. शरीरात त्यापासून तयार होणारे थायोसायनेट आयोडीनच्या शोषणात अडथळा आणते; मणिपूरमधील गलगंडाच्या संदर्भात अभ्यासकांनी या कोंबांची तपासणी केली आहे. कोंब बारीक चिरून रात्रभर पाण्यात ठेवणे, ते पाणी फेकणे व नंतर उकडून तेही पाणी टाकणे ही कोकणातील जुनी रीत या दृष्टीने अगदी योग्य आहे. फ्रीजमधील लोणच्यासाठी कच्चे कोंब थेट लिंबाच्या रसात घालू नयेत. कोबी, मुळा व मोहरी यांतही थायरॉईडला अडथळा करणारी द्रव्ये असतात. पण आयोडीन पुरेसे मिळत असल्यास लोणच्याएवढ्या प्रमाणात त्यांची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

भांडे

संप्रेरकांशी लोणच्याचा एक खरा संबंध बरणीतून येतो आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. काही प्रकारच्या प्लॅस्टिकमधील बिस्फेनॉल-ए व थॅलेट ही द्रव्ये शरीरातील संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात. तेलकट पदार्थांत थॅलेट सहज उतरतात, तर उष्णतेने बिस्फेनॉल-ए अधिक सुटते. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये खाद्यपदार्थांच्या संपर्कात येणाऱ्या साहित्यात बिस्फेनॉल-ए वापरण्यावर बंदीचा निर्णय घेतला. रिकामे झालेले प्लॅस्टिकचे डबे लोणच्यासाठी पुन्हा वापरण्याची सवय म्हणून सोडावी. काचेची बरणी सर्वांत उत्तम. धातूचे झाकण असल्यास लोणचे त्याला टेकू देऊ नये.

चिनीमातीची बरणी चांगली असली तरी फार जुन्या किंवा चकाकी उडालेल्या बरणीच्या लेपातून शिसे आंबट खारात उतरू शकते. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, हे सर्वज्ञात आहेच.

साठवण आणि सुरक्षितता

फ्रीजमधील लोणचे ५ अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी तापमानात राहिले पाहिजे. फ्रीजच्या दारातील कप्पा सर्वांत उबदार असतो. बरणी आतल्या बाजूस ठेवावी. चमचा कोरडा व स्वच्छ असावा आणि बरणीवर केल्याची तारीख लिहावी.

वीजपुरवठा हा कोकणातील वेगळाच प्रश्न आहे. कोयनेची वीज ज्या परिसरात निर्माण होते त्या परिसरातही पावसाळी वाऱ्यात झाड पडून तासन्‌तास अंधार होतो. दार न उघडल्यास फ्रीज सुमारे चार तास पुरेसा थंड राहतो. त्याहून अधिक काळ वीज गेल्यास आंबट रसातील व नीट आंबलेले लोणचे बहुधा सुस्थितीत राहते, कारण त्यांचा सामू कमी असतो. सामू ४.६ च्या खाली असल्यास बोट्युलिझम हा प्राणघातक विकार घडवणारे जिवाणू वाढत नाहीत. नुकतेच मिठाच्या पाण्यात घातलेले, अद्याप न आंबलेले लोणचे मात्र आंबट वास व चव येईपर्यंत सुरक्षित मानता येत नाही. २२ जुलै २०२१ च्या महापुरासारख्या प्रसंगी, जेव्हा चिपळूण शहरात घरे व दुकाने पाण्याखाली गेली, पुराचे पाणी लागलेली प्रत्येक बरणी, झाकण घट्ट असले तरी, टाकूनच द्यावी लागते.

तेलात बुडवलेला कच्चा लसूण हा सर्वांत जोखमीचा प्रकार होय. लसणीत आंबटपणा नसतो, तेलाखाली हवा पोचत नाही आणि बोट्युलिझमच्या जिवाणूंना नेमकी हीच परिस्थिती मानवते; विष तयार झाले तरी वास किंवा रंग बदलतोच असे नाही. असा लसूण बाहेर ठेवू नये, फ्रीजमध्येही चार दिवसांपेक्षा अधिक ठेवू नये. लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये बुडालेला लसूण या दृष्टीने अधिक सुरक्षित असतो. त्यात तो कधीकधी निळसर-हिरवा होतो. तो रंग लसणीतील गंधकयुक्त द्रव्ये व आम्ल यांच्या क्रियेने येतो आणि खाण्यास अपायकारक नसतो.